बाई, गुणायचं की भागायचं? अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

प्रति,
अभ्यासक्रम समितीचे सदस्य, पाठ्यपुस्तकांचे लेखक आणि प्रश्नपत्रिका काढणारे तज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपलं नवं परिपत्रक शाळेत आलं, फलकावर लागलं आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चाही झाली. गणित आणि विज्ञानाच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत यापुढे ठरावीक टक्के प्रश्न ‘जीवनाशी निगडित, कथारूप’ असलेच पाहिजेत, असं त्यात म्हटलं आहे. मी गोष्टींतून गणित आणि विज्ञान शिकवणारी शिक्षिका आहे. असं काहीतरी व्हावं म्हणून बैठकांत बोलत आले, अर्ज करत आले. म्हणून सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं. मला ते स्वीकारता आलं नाही. का, ते इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आधी पाठवलेल्या पत्रांची पोचसुद्धा मिळाली नाही आणि परिपत्रक लागू झाल्यापासून हा विषय माझ्या एकटीचा राहिलेला नाही. पालकांनी हे वाचावं. मुलांनी वाचलं तर उत्तमच.

परिपत्रकाच्या पहिल्या पानावर गोष्टींचं स्वागत आहे. दुसऱ्या पानावर दोन्ही विषयांच्या तासिका कमी केल्या आहेत. तिसऱ्या पानावर सूचना आहे, की प्रत्येक कथारूप प्रश्नाला एकच अंतिम उत्तर असावं आणि तपासणी उत्तरसूचीबरहुकूम व्हावी. शेवटी नमुन्याचा प्रश्नसंच जोडला आहे. पहिल्या पानाने जे दिलं ते पुढच्या पानांनी काढून घेतलं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते नीट उलगडून सांगायला हवं.

नमुना संचातलाच एक प्रश्न घेते. ‘जंगलात भीषण वणवा पेटला. शूर वनरक्षकांनी जिवाची पर्वा न करता १४४ प्राण्यांची सुटका केली आणि त्यांना १२ पिंजऱ्यांत समान संख्येने ठेवले. तर प्रत्येक पिंजऱ्यात किती प्राणी?’

मी हा प्रश्न फळ्यावर लिहिला. वह्या उघडायच्या आतच वर्गातून ‘बारा’ असा पुकारा झाला. एका मुलीने मात्र हात वर केला आणि विचारलं, “बाई, हरणं आणि बिबटे एकाच पिंजऱ्यात ठेवले का?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. गोष्ट वाचली होती ती तिने एकटीने. बाकीच्यांनी १४४ आणि १२ एवढंच वाचलं आणि त्यांचं काही बिघडलंही नाही, कारण वणवा, वनरक्षक आणि त्यांचं शौर्य सगळं गाळलं तरी पैकीच्या पैकी गुण मिळतात. उलट जी मुलगी गोष्टीत शिरली तिचा वेळ गेला. असे प्रश्न वर्षभर सोडवल्यावर ती काय शिकेल? गोष्ट सोडून द्यायची, आकडे हुडकायचे आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत विचारायचं, “गुणायचं की भागायचं?” हा प्रश्न मला दर वर्षी, प्रत्येक वर्गात ऐकू येतो. तो आळशी मुलं विचारत नाहीत. ज्यांना आपला खेळ कळला आहे ती विचारतात.

ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. आपण ज्यांना कथारूप प्रश्न म्हणता ती कपडे चढवलेली आकडेमोड आहे.

यात नवं काही नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं होतं, ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती?’ ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिलं. अनेकांना ही गोष्ट विनोद म्हणून माहीत असते. मला त्यातली मुलं चुकलेली वाटत नाहीत. प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर असणार, दिलेले आकडे वापरायचेच असणार आणि प्रश्नातला वेडेपणा दाखवून देणं उद्धटपणाचं ठरणार, हे नियम ती शाळेतच शिकली होती.

दुसरा दाखला अमेरिकेतला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं, की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात आणि ११२८ सैनिकांना न्यायचं आहे, तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. तरीही ३२ हे उत्तर लिहिणारी मुलं फक्त २३ टक्के होती. २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असं लिहिलं आणि १८ टक्के मुलं ३१ वर थांबली, म्हणजे बारा माणसांना मागे सोडून त्यांच्या बस निघूनही गेल्या. या मुलांना भागाकार येत होता. आपलं परिपत्रक आकडेमोडीचा सराव वाढवून जो आजार बरा करू पाहतं आहे तो या मुलांना झालेलाच नव्हता. कागदावरची बस ही बस असते, यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

मी माझ्या वर्गासाठी प्रश्न लिहिते तेव्हा एकच कसोटी लावते: या उत्तराची गोष्टीतल्या कोणाला तरी गरज आहे का? वणव्याच्या प्रश्नात ती कोणालाच नाही. प्रत्येक पिंजऱ्यात किती प्राणी आहेत हे वनरक्षकाला समोर दिसतंच आहे. बसच्या प्रश्नात मात्र गाड्या मागवणाऱ्या माणसाला ते उत्तर हवं आहे आणि ते चुकलं तर कोणीतरी रस्त्यावर उभं राहणार आहे. (म्हणजे तो प्रश्न मुळात चांगलाच होता. मुलांना तोवर शंभर वाईट प्रश्नांची सवय झाली होती, एवढंच.)

ही कसोटी भास्कराचार्यांनाही लावून पाहावी. ११५० मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘लीलावती’त कमळं, हंस, भुंगे, वानरं यांची रेलचेल आहे. तिथला मधमाश्यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे: थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, दोन्हींतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एक माशी दोन सुगंधांच्या मोहात हवेतच घिरट्या घालते आहे. उत्तर १५. काव्य म्हणून सुरेख, पण मधमाश्या अशा कोणी मोजत नाही आणि त्या थव्याची संख्या कळून कोणाचं काही अडत नाही. आता मोराचा प्रश्न बघा. नऊ हात उंच खांबाच्या टोकावर मोर बसला आहे आणि खांबाच्या पायथ्याशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे धावत येतो. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर १२ हात. इथे मोराला ते हवं आहे आणि सापालाही. साप आत्ता जिथे आहे तिथे झेपावून उपयोग नाही, तो जिथे असेल तिथे झेपावायला हवं, हे मुलांना कळतं आणि काटकोन त्रिकोण त्यांचा तेच फळ्यावर काढतात. मला सांगावं लागत नाही. एकाच ग्रंथात, एकाच लेखणीतून दोन्ही प्रकार उतरले आहेत. आपण भास्कराचार्यांकडून मधमाश्या उचलल्या आणि मोर तिथेच ठेवला.

दुसरी तक्रार उत्तरसूचीबद्दल. बेल्जियममधले संशोधक लीव्हन फेरशाफेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्न होता: एक मुलगा १०० मीटर जास्तीत जास्त वेगाने १७ सेकंदांत धावतो, तर १ किलोमीटर धावायला त्याला किती वेळ लागेल? जवळजवळ सगळ्यांनी १७० सेकंद लिहिलं. मैदानावर कधी धावलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असतं, की तो वेग हजार मीटर टिकत नाही. खरं उत्तर ‘१७० पेक्षा नक्की जास्त, किती जास्त ते एवढ्या माहितीवरून सांगता येणार नाही’ असं आहे. आपल्या नव्या नियमाप्रमाणे हे लिहिणाऱ्या मुलाला शून्य गुण मिळतील. मला तसे गुण द्यावे लागतील. परिपत्रकाखाली सही करून मी त्याला बांधील झाले आहे आणि मला याचीच चीड आहे.

तिसरी तक्रार वेळेची, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण गोष्टीला वेळ का लागतो हे तासिका कापणाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मी टक्केवारी आणि प्रयोगाची रीत एकत्र शिकवते, ती व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या एका कोड्यातून. साल १८४६. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक दिवसाआड भरती ठरलेली असे, त्यामुळे कोणती बाई कुठे जाणार हे ती कोणत्या दिवशी आली यावर ठरायचं. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करायचे, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात बाळंतज्वराने ११ टक्क्यांहून जास्त बायका दगावल्या, दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. पहिल्या विभागात जाऊ नये म्हणून बायका हातापाया पडायच्या. काहींचं बाळंतपण वाटेतच व्हायचं आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्यातही मृत्यूचं प्रमाण पहिल्या विभागापेक्षा कमी असायचं. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला याचं कारण हवं होतं.

एवढं सांगून मी थांबते. पहिला तास मुलांचा. गर्दी असेल, हवा खराब असेल, डॉक्टर आडदांड असतील, बायका घाबरत असतील. सगळं फळ्यावर येतं आणि प्रत्येक कारणासमोर एकच प्रश्न लिहायचा असतो: हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? याच तासात कोणीतरी हमखास म्हणतं, की पहिल्या विभागात बायकाच जास्त येत असतील म्हणून मृत्यू जास्त. मग नुसत्या मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही, दर शंभरात किती हे काढायला हवं, हे त्यांचं त्यांना उमगतं. टक्केवारीचा धडा मी तेव्हा उघडते. आधी उघडला असता, तर ‘शंभराने गुणा आणि एकूण संख्येने भागा’ याच्या पलीकडे त्यातलं काही उरलं नसतं.

दुसऱ्या तासाला सेमेलवाइसने काय करून पाहिलं ते येतं. गर्दी? ती दुसऱ्या विभागात जास्त होती. मरणासन्न रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मगुरूची घंटा ऐकून बायका धसका घेत असतील? त्याने धर्मगुरूची वाट बदलायला लावली, फरक नाही. बाळंतपणातली शरीराची स्थिती? तीही बदलली, फरक नाही. तिसऱ्या तासाला १८४७ मधला याकोब कोलेत्श्का या त्याच्या सहकाऱ्याचा मृत्यू सांगते. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ते ज्या लक्षणांनी गेले ती बाळंतज्वराशी मिळतीजुळती होती. इथे वर्ग अगदी गप्प होतो आणि मग एकदम सगळे ओरडतात. शवविच्छेदन कोण करायचं? डॉक्टर आणि विद्यार्थी, आणि तेच हात घेऊन ते बाळंतिणींकडे जायचे. सुईणी नाही. चौथ्या तासाला आलेख. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं. मेच्या मध्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं. जूनमध्ये प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. मुलं आलेख काढतात आणि लगेच विचारतात, मग सगळ्यांनी ऐकलं असेल ना? नाही ऐकलं. का नाही ऐकलं, यावर आणखी एक तास सहज जातो आणि तो अभ्यासक्रमात कुठेच बसत नाही.

आपल्या वेळापत्रकात टक्केवारीला जेवढ्या तासिका उरल्या आहेत त्यांत हे आता होणार नाही. त्याऐवजी ‘एका रुग्णालयात २५० रुग्णांपैकी ३० रुग्ण दगावले, तर शेकडा प्रमाण काढा’ असा कथारूप प्रश्न मी तीन मिनिटांत घेऊ शकते. आकडेमोड तीच आहे. टक्केवारी कशाला काढायची, हे मात्र मुलांना कधीच कळणार नाही.

चौथी तक्रार लवकर सांगते. आपले कथारूप प्रश्न लांबलचक आहेत आणि ती लांबी सजावटीची आहे. जे मूल सावकाश वाचतं त्याला गणित येत असूनही मार बसतो. गोष्ट छापलेलीच असावी, असा नियम कुठे आहे? ती तोंडी सांगता येते, चित्रांतून दाखवता येते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जॉन ब्रॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास जॅस्पर वुडबरी नावाच्या पात्राभोवती बारा चित्रफिती तयार केल्या, त्या याच विचाराने. एका गोष्टीत दूर कुरणात जखमी गरुड सापडतो, तिथे जायला गाडीरस्ता नाही, हाताशी एक छोटं हलकं विमान आहे. गरुडाला लवकरात लवकर कसं आणायचं? विमान किती वजन उचलतं, इंधन किती लागतं, उतरायला किती जागा हवी, हे सगळं पात्रांच्या बोलण्यात आधीच येऊन गेलेलं असतं, बिनकामाच्या माहितीत मिसळून. प्रश्न शेवटी येतो. मुलांना मागे जाऊन आपल्याला काय काय लागेल ते स्वतः ठरवावं लागतं आणि पुष्कळ उपप्रश्न स्वतःच तयार करावे लागतात. इथे कोणी ‘गुणायचं की भागायचं’ विचारूच शकत नाही, कारण पुढचा प्रश्न काय हेच अजून ठरलेलं नसतं. या गोष्टींवर काम केलेली मुलं बहुपायरी उदाहरणांचं नियोजन करण्यात पुढे गेली आणि गणिताची त्यांची भीतीही कमी झाली, असं त्या गटाच्या चाचण्यांत आढळलं.

पाचवी तक्रार आमच्या प्रशिक्षणाची. गोष्टींतून कसं शिकवावं यावर दिवसभर व्याख्यान झालं. त्यात गोष्ट एकही नव्हती. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

आता आपल्या बाजूने येणाऱ्या हरकती. त्या पोकळ नाहीत आणि मला त्या टाळायच्याही नाहीत.

‘मुलांना एवढं झेपणार नाही’, ही पहिली. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लिमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ९ ते १५ वर्षांची ही मुलं विकताना तोंडी हिशेब करायची तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर यायची. तशीच गणितं त्याच मुलांना शाळेसारखी कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर ३७ टक्के. शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के. मुलं फक्त पाच होती, त्यामुळे या टक्केवारीवर इमला उभारू नये, हे मला मान्य आहे. तरी एकाच डोक्याची कुवत प्रश्नाच्या मांडणीने एवढी खाली येत असेल, तर दोष डोक्यात शोधणं थांबवायला हवं.

दुसरी हरकत जास्त खोल आहे: गोष्टीतून शिकलेलं त्या गोष्टीतच अडकून राहतं. हे खरं आहे. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे, ती किरणांनी नष्ट करायची आहे. तीव्र किरण सोडले तर वाटेतला निरोगी भाग जळतो, सौम्य सोडले तर गाठ मरत नाही. हे साधारण दहातल्या एकालाच सुटतं. आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली, ज्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सुरुंग आहेत म्हणून तो सैन्याच्या लहान तुकड्या करून सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी पाठवतो. तरीही फक्त तीस टक्क्यांच्या आसपास लोकांना उत्तर सुचलं. ‘मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा’ एवढं म्हटल्यावर प्रमाण पंचाहत्तरच्या घरात गेलं. गोष्ट डोक्यात होती, पण तिचा सांगाडा कोणी काढून दाखवला नव्हता. याच दोघांनी पुढे दाखवलं, की सारख्या सांगाड्याच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘यांच्यात सारखं काय’ असं विचारलं, तर तिसरा प्रश्न सुटण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून माझ्या वर्गात एक गोष्ट कधीच एकटी येत नाही. सेमेलवाइसनंतर १८५४ मधला लंडनचा कॉलरा आणि मृत्यू कुठे कुठे झाले ते दाखवणारा डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा येतो, आणि मग दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून आम्ही नुसत्या बाणांची आणि चौकटींची आकृती काढतो. आपल्या प्रश्नसंचात दर प्रश्नाला नवी गोष्ट आहे. दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

तिसरी हरकत २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी मोठ्या आवाजात मांडली: नवख्या विद्यार्थ्याला प्रश्नाच्या पाण्यात ढकलून दिलं तर तो बुडतो, त्याला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात. मीही तेच करते. पाढे पाठ हवेत, भागाकार हाताला वळण लागेपर्यंत करायला हवा. गोष्टीच्या मधोमध थांबून मी साधी, रुक्ष, बिनगोष्टीची दहा उदाहरणंही घालते आणि त्याची मला लाज वाटत नाही. रुक्ष उदाहरण निदान प्रामाणिक असतं, पिंजऱ्यातल्या १४४ प्राण्यांचं सोंग ते आणत नाही.

आणि हे सगळं बालिश आहे असं कोणाला वाटत असेल, तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये डॉक्टर घडवायला सुरुवात केली ती व्याख्यानांआधी रुग्णाची अडचण समोर ठेवून. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात लँगडेल यांनी खऱ्या खटल्यांतून कायदा शिकवायला १८७० मध्येच सुरुवात केली होती. या वाटेने गेलेले वैद्यकीय विद्यार्थी पाठांतर तपासणाऱ्या परीक्षांत फारसे पुढे नसतात, कधी थोडे मागेही असतात. ज्ञान रुग्णावर वापरायची वेळ आली की पुढे असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपल्याला कोणती हवी, हे समितीने उघडपणे सांगावं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कथारूप प्रश्नांच्या टक्केवारीची सक्ती मागे घ्या. प्रत्येक सत्रात एकच गोष्ट चालेल, पण ती पूर्ण असू द्या आणि तिच्या जोडीला त्याच सांगाड्याची दुसरी गोष्ट द्या.

कोणताही कथारूप प्रश्न छापण्याआधी तो एका खऱ्या वर्गासमोर ठेवा आणि मुलं कोणत्या शंका काढतात ते ऐका. गोष्ट खोडून नुसत्या आकड्यांवर तेच उत्तर येत असेल, तर तो प्रश्न आकडेमोडीच्या विभागात टाका. तिथे त्याची जागा आहे.

उत्तरसूचीत ‘माहिती अपुरी आहे, कारण...’ या उत्तराला गुण ठेवा. कारणासहित दिलेली दोन वेगवेगळी उत्तरं मान्य करा. तपासणाऱ्याला ठरवण्याचा अधिकार द्या आणि वाद झाला तर दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घेण्याची सोय करा. वेळ जास्त लागेल, हे मला माहीत आहे.

प्रत्येक सत्रात सलग चार तासिका गोष्टीसाठी राखून ठेवा आणि तेवढा अभ्यासक्रम कमी करा. कुठून कमी करायचा असं विचाराल, तर तीन-तीन कंसांच्या लांबलचक पदावल्यांपासून सुरुवात करा. त्यांची कोणालाही आठवण येणार नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिक्षकांनाच एक कोडं द्या आणि ते सुटेपर्यंत खोलीतून कोणाला उठू देऊ नका. व्याख्याते लागणार नाहीत.

गोष्टींची प्रश्नपेढी सर्व शिक्षकांसाठी खुली करा. तिच्यात आम्हाला भर घालू द्या आणि वर्गात जी गोष्ट फसली ती फसली म्हणून नोंदवायची सोयही तिथे असू द्या.

नव्या पुस्तकांची छपाई सुरू होण्याआधी समितीने यावर निर्णय घ्यावा आणि तो कारणांसह जाहीर करावा. सेमेलवाइसच्या पाठाची सगळी टिपणं, त्याच्या जोडीचा स्नोचा पाठ आणि मुलांनी काढलेले आलेख नावं झाकून या पत्रासोबत पाठवते आहे. समितीतल्या कोणालाही माझ्या वर्गात येऊन बसायचं असेल, तर आधी कळवण्याची गरज नाही.

आपली,
एक गणित-विज्ञान शिक्षिका